आलेपाकाची वडी पडते ती गॅस बंद केल्यावर

घसा खवखवायला लागला की आमच्याकडे आधी बरणी उघडली जाते. घाटातून जायचं असेल तर चार वड्या कागदात बांधून पर्समध्ये. मळमळीवर आलं चालतं हे एसटीत आलेपाक विकणाऱ्यांना कोणी शिकवावं लागत नाही. पण घरी करायला घेतला की दहातल्या सात जणींचा एक तर चिकट लगदा होतो, नाही तर साखरेचा भुगा. माझे दोन्ही झालेत.

साहित्य: साल काढून पाव किलो आलं, अर्धा किलो साखर, चमचाभर तूप, चिमूट मीठ, पाच-सहा वेलदोड्यांची पूड. बस. हळद, तुळस, पुदिना, दालचिनी, मध असं सगळं एकाच कढईत कोंबू नका. ज्याला हळद घ्यायची त्याने दुधातून घ्यावी.

आलं घेताना एक कांडी मोडून बघा. आतून दोरे लोंबले तर दुसऱ्या गाडीवर जा. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावलेलं आलं दिवाळीच्या पुढेमागे बाजारात येतं, तेव्हा साल पातळ आणि दोरा कमी असतो. साल चमच्याच्या कडेने खरवडा. मग आडव्या पातळ चकत्या करा, म्हणजे दोरे आखूड तुटतात, आणि मिक्सरमधून गंधासारखं वाटा. पाणी लागलंच तर दोन चमचे. रस गाळून चोथा टाकायचा नाही, वडीला अंग त्याचंच असतं.

जाड बुडाच्या पसरट कढईत वाटण आणि साखर एकत्र करून मध्यम आचेवर ठेवा. ताटाला तूप आत्ताच लावून ठेवा, नंतर तेवढीही उसंत मिळत नाही.

आता पाकाबद्दल. सगळा घोळ इथेच होतो.

साखर विरघळली की मिश्रण एकदम पातळ होतं. पहिल्यांदा मी घाबरले होते आणि दूधपावडर ओतली होती. काही घालू नका. ढवळत राहा, पण कडेला वाळलेली साखर पाकात खरवडून पाडू नका, त्या कणांमुळे वडी रवाळ होते. आधी मोठे, उड्या मारणारे बुडबुडे येतात. मग वाफ कमी होते, बुडबुडे लहान आणि जड होतात, आवाज फदफद असा येतो. या वेळी हातावर थेंब उडाला तर फोड येतो, म्हणून लांब दांड्याचा कालथा घ्या आणि लहान मुलांना स्वयंपाकघराबाहेर काढा. माझ्या शेगडीवर इथपर्यंत यायला वीस ते पंचवीस मिनिटं लागतात. तुमच्या शेगडीचं तुम्हीच बघा. मिनिटं मोजून आलेपाक होत नाही.

कालथा तळातून ओढला की क्षणभर तळ दिसायला हवा. दिसला की अर्धा चमचा मिश्रण गार ताटलीत टाका, मिनिटभर थांबा आणि दोन बोटांत वळा. बोटाला चिकटत असेल तर अजून दोन मिनिटं. मऊ गोळी वळली, बोटं कोरडी राहिली, की गॅस बंद. तेव्हा मिश्रण अजून सैलच दिसतं. "अजून थोडं घट्ट होऊ दे" म्हणून आचेवर ठेवलंत तर ताटात भुगा पडेल.

गॅस बंद केला म्हणजे काम संपलं नाही. माझ्या पहिल्या लगद्याकडे बघून आत्या एवढंच म्हणाली होती, "हात का थांबवलास गं?" मी पाक बरोबर आणला होता, बंद केला आणि तसाच ताटात ओतला. रात्रभर तो च्युइंगमसारखा राहिला. कढई उतरवून वेलचीपूड, मीठ घाला आणि चार-पाच मिनिटं घोटा, जोर लावून. गरम पाकात जेवढी साखर मावते तेवढी गार पाकात मावत नाही; घोटत राहिलं की ती बारीक कणांनी बाहेर येते आणि वडी मऊसूत धरते. डोळ्यांना दिसतं ते असं: आधी मिश्रणाला काचेसारखी चकाकी असते, मग एकदम ती जाते, रंग फिका, मातकट होतो, कडा सुटतात. चकाकी गेली की अर्ध्या मिनिटात ताटात थापायचं. त्या वेळी फोन वाजला तर वाजू द्या. मी एकदा उचलला होता, आणि कालथ्यासकट गोळा कढईत बसला.

तरी बिघडलंच, तर चिकट राहिलेलं परत कढईत घालून दोन-तीन मिनिटं आटवा आणि पुन्हा घोटा. भुगा झाला तर दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर विरघळू द्या, पुन्हा गोळी बघा.

आणि ते लिंबू. "पाक चांगला व्हावा म्हणून सुरुवातीलाच लिंबू पिळा" हा सल्ला जिने पहिल्यांदा दिला तिने आलेपाक केलेला नाही. आंबट घालून साखर उकळली की ती पुन्हा कणी धरत नाही. गुलाबजामच्या पाकाला ते हवं असतं, वडीला नको. मधाचंही तेच. सगळा गूळ घालून केलेला आलेपाक चवीला झकास लागतो, पण कोरडी वडी विसरा. गूळच हवा असेल तर सुंठ, गूळ, तूप मळून गोळ्या करा, तो वेगळा आणि फार सोपा प्रकार आहे. सुंठ मात्र मोजून घ्या, ओल्या आल्यापेक्षा जहाल असते.

दूध किंवा साय घालणाऱ्याही आहेत. वडी मऊ होते, पण टिकत नाही. घालायचीच तर मिश्रण चांगलं उकळल्यावर. कच्च्या आल्याने दूध फाटतं.

थापल्यावर पाच मिनिटांनी सुरीने रेघा पाडा, गार झाल्यावर वड्या सुट्या करा.

एक वडी तोंडात धरून चघळायची, दिवसात दोन-तीन. ज्यांना जळजळ होते त्यांनी रिकाम्या पोटी नको. दोन भाग साखर आहे, तेव्हा मधुमेह असणाऱ्यांनी बरणीला हात लावू नये. त्यांनी आल्याचे तुकडे उकळून ते पाणी प्यावं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रोज खाण्याआधी डॉक्टरांना विचारा. अगदी लहान मुलांना अख्खी वडी देऊ नका, घशात अडकते. आणि खोकला दोन आठवडे झाले तरी हटत नसेल, तर वड्या चघळत बसू नका, सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, ती तपासणी मोफत असते.

बरणी काचेची, पूर्ण कोरडी. फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेर काढली की वड्यांना पाणी सुटतं. दूध न घातलेला आमच्याकडे महिनाभर सहज राहतो. म्हणजे, उरला तर.