कॉमेंट करणारे म्हणजे सगळे प्रेक्षक नव्हेत

इंटरनेटवर व्हिडिओ किंवा पॉडकास्ट प्रसिद्ध करण्यासाठी कोणत्याही संपादकाचे दार ठोठावावे लागत नाही, हे या क्षेत्रात उतरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. दक्षिण कोरियातील ओह्मायन्यूज या बातम्यांच्या संकेतस्थळाने २००० साली प्रत्येक नागरिक हा वार्ताहर आहे अशी भूमिका घेतली, पुढच्याच वर्षी विकिपीडियाने वाचकाला मजकूर थेट बदलण्याची मुभा दिली, आणि तेव्हापासून निर्माता व प्रेक्षक यांच्यातील अंतर कमी होत गेले. नवख्या माणसाचा घात होतो तो नेमका या जवळिकीत.

जे लिहून कळवतात तेच आपले प्रेक्षक, असे आपण धरून चालतो. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या ठोकताळ्यानुसार शंभरांपैकी सुमारे नव्वद जण केवळ पाहतात, नऊ जण अधूनमधून सहभागी होतात आणि बहुतेक सारा मजकूर उरलेल्या एकाकडून येतो. प्रमाण सर्वत्र तंतोतंत हेच नसते. तरीही लिहिणारी जाणकार मंडळी अधिक खोलात जाण्याचा आग्रह धरतात, आपण त्यांचे ऐकतो, ते कौतुक करतात, आणि पहिल्यांदाच आलेला माणूस काहीही न बोलता निघून जातो. कौतुकाचा ओघ तसाच राहिल्यामुळे ही गळती ध्यानातही येत नाही. मी या सापळ्यात दीर्घकाळ होतो आणि आजही नवा भाग प्रसिद्ध केला की हात आधी कॉमेंटकडेच वळतो.

म्हणून प्रथम प्रेक्षक कोणत्या क्षणी व्हिडिओ सोडतात ते दाखवणारा आलेख पाहावा. यूट्यूब स्टुडिओ या निर्मात्यांसाठीच्या विभागात तो मिळतो आणि न बोलणाऱ्यांचे मत त्यातच उमटलेले असते. आलेख जेथे घसरतो तो भाग पुन्हा ऐकावा. बहुधा तेथे एखादी संज्ञा न समजावता वापरलेली असते किंवा प्रास्ताविक लांबलेले असते. प्रश्नही नेमका विचारावा. ‘कसा वाटला?’ याला आवडलेलेच उत्तर देतात, तर ‘कोणता भाग समजला नाही?’ या प्रश्नाने एरवी गप्प राहणारेही लिहिते होतात.

विकतचे सबस्क्रायबर घेणे हा मला शुद्ध आत्मघात वाटतो. यूट्यूबने २०१८ मध्ये जाहिरातींच्या उत्पन्नासाठी १००० सबस्क्रायबरांबरोबर बारा महिन्यांत ४००० तास पाहिले जाण्याचीही अट घातली, आणि विकत घेतलेली नावे काहीच पाहत नाहीत. व्हायरल होण्याचे सूत्र विकणाऱ्या मार्गदर्शकांवरही माझा विश्वास नाही, कारण नियम त्यांच्या हातात नसतात: यूट्यूबने २०१२ मध्ये शिफारशींसाठी व्ह्यूजपेक्षा पाहण्याच्या वेळेला महत्त्व दिले, तर वाइन हा लघुव्हिडिओंचा मंच २०१७ मध्ये बंदच झाला. म्हणून मूळ फाइली स्वतःजवळ ठेवाव्यात. तुमच्या संहितेतील अर्धी वाक्ये निर्दयपणे कापणारा एक मित्र अशा मार्गदर्शकांच्या दहा अभ्यासक्रमांपेक्षा अधिक शिकवतो.

सुरुवातीला कॉमेंट आलीच नाही, तर कृपया खचू नका. वीस जणांनी पाहिले आणि त्यांतील बहुतेक जण शेवटपर्यंत थांबले, तर काम नीट चालले आहे. त्याच पद्धतीने पुढचा भाग करा आणि त्याचा आलेख आधीच्या आलेखाशेजारी ठेवून पाहा.