जुन्या थंडरबर्डचा जोर वाढवताना या चुका टाळा

ज्यांच्याकडे दहा-पंधरा वर्षे वापरलेली रॉयल एनफिल्ड थंडरबर्ड 350 आहे, त्यांची तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. गाडी पूर्वीसारखी ओढत नाही, दोघे बसून सामान लादले की घाटात तिसऱ्या गिअरवरून वर सरकत नाही आणि हमरस्त्यावर ऐंशीच्या पुढे धाप टाकते. त्यानंतर येणारा प्रश्नही ठरलेला असतो, तो म्हणजे कोणता सायलेन्सर बसवावा. या प्रश्नापासून सुरुवात करणे हीच मला सर्वांत महागात पडणारी चूक वाटते.

ट्विनस्पार्क, म्हणजे दोन स्पार्क प्लगच्या, थंडरबर्डचे इंजिन 346 सीसीचे आहे. बोअर (सिलिंडरचा व्यास) 70 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) 90 मिमी, कॉम्प्रेशन 8.5:1, कारखान्यातून निघताना 5250 आरपीएमला 19.8 अश्वशक्ती आणि 4000 आरपीएमला 28 न्यूटन-मीटर टॉर्क. लांब स्ट्रोकचे हे इंजिन खालच्या फेऱ्यांवर शांतपणे ओझे ओढण्यासाठी घडवलेले आहे आणि मर्यादित खर्चात त्यातून फार मोठी वाढ निघत नाही. मात्र दुर्लक्षामुळे या ताकदीतला बराच हिस्सा वाटेतच गळतो, आणि तो परत मिळवण्याचा खर्च नव्या सायलेन्सरच्या किमतीपेक्षा सहसा कमीच असतो.

गळती न शोधता खरेदी करणे

गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, न्यूट्रल करावी आणि मागचे चाक हाताने फिरवावे. चाक दोन-तीन फेरे सहज फिरले पाहिजे. ते लगेच अडत असेल, तर ब्रेक घासतो आहे, चेन अति ताणलेली आहे किंवा बेअरिंग गेलेले आहे. कॅलिपरच्या पिना वर्षानुवर्षे ग्रीसविना राहिल्यामुळे कायम अर्धवट लागलेला ब्रेक घेऊन लोक हजारो किलोमीटर फिरतात आणि दोष इंजिनाला देतात.

त्यानंतर क्लच तपासावा. सपाट, मोकळ्या रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये पन्नासच्या वेगाने जाताना थ्रॉटल पूर्ण उघडावा. आवाज चढला पण वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच सरकतो आहे. कित्येकदा केबल जास्त ताणल्यामुळे लिव्हरला मोकळी चाल उरलेली नसते, आणि ती दोन-तीन मिलिमीटर ठेवली की तक्रार तिथेच मिटते.

तिसरी जागा कार्ब्युरेटरची. हा व्हॅक्यूमवर चालणारा कार्ब्युरेटर असल्याने त्यातील रबरी पडद्याला टाचणीएवढे छिद्र पडले तरी स्लाइड, म्हणजे हवेची वाट कमी-जास्त करणारा सरकता भाग, पूर्ण वर उचलली जात नाही आणि गाडी वरच्या वेगाला दम टाकते. पडदा काढून उजेडासमोर धरावा, छिद्र लगेच दिसते. कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधल्या रबरी जोडाला पडलेल्या भेगाही तितक्याच तापदायक असतात, कारण तिथून शिरणारी हवा कोणत्याही फिल्टरच्या किंवा जेटच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या) हिशेबात धरलेली नसते.

इथे एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. कॉम्प्रेशन गेज लावून आकडा कमी आला म्हणून लगेच इंजिन उघडायला घेणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत. या इंजिनात गाडी सहज सुरू व्हावी म्हणून ऑटो डिकम्प्रेसर दिलेला आहे. इंजिन मंद गतीने फिरत असताना तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवतो आणि त्यामुळे स्टार्टरवर घेतलेला आकडा मुळातच कमी येतो. रिंगांची आणि व्हॉल्व्हची खरी अवस्था लीकडाउन चाचणीतून कळते, म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला थांबवून आत दाबाची हवा सोडायची आणि ती कुठून निसटते ते ऐकायचे. सायलेन्सरमधून आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरकडून आला तर इनटेक, आणि क्रँककेसच्या नळीतून आला तर रिंगा. ही चाचणी न करता धडधाकट इंजिन उघडणाऱ्या माणसाच्या हाती मी माझी गाडी देणार नाही.

फ्री-फ्लो सायलेन्सर आणि उघडा फिल्टर

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की तिच्याविषयी सविस्तर लिहिलेच पाहिजे.

आमच्याबरोबर फिरणाऱ्या एका तरुणाने ट्विनस्पार्क थंडरबर्ड दुसऱ्या हाताने घेतली. गाडी चांगली होती, पण थोडी सुस्त. त्याने एका गॅरेजमधून मूळ सायलेन्सर काढून आतून मोकळा असलेला सायलेन्सर बसवला, त्याच दिवशी एअर फिल्टरचा डबा काढून कार्ब्युरेटरच्या तोंडाशी शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर लावला आणि जेट मात्र होते तेच ठेवले. गाडीचा आवाज दुप्पट झाल्यामुळे तिची ताकदही वाढली अशी त्याची खात्री झाली. थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फटाके वाजत, आणि ते इंजिन मोकळे झाल्याचे लक्षण आहे असे त्याला गॅरेजवाल्याने सांगितले होते. मिश्रण पातळ झाल्याची, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत असल्याची, ती सूचना होती. प्लग काढून पाहा, असे त्याला आमच्यापैकी दोघांनी सांगितले, पण सहल दोन दिवसांवर आली होती आणि त्याला थांबायचे नव्हते.

गुहागरहून परतताना मे महिन्याच्या दुपारी आम्ही चिपळूणकडून कुंभार्ली घाट चढत होतो. पोफळी मागे पडल्यावर चढ तीव्र होतो. त्याच्या गाडीवर मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना भरलेल्या बॅगा होत्या. एका ट्रकला मागे टाकण्यासाठी त्याने थ्रॉटल पूर्ण उघडला आणि वळणापर्यंत तसाच धरून ठेवला. आधी गाडीचा जोर एकदम ओसरला, मग इंजिन जागच्या जागी आवळले आणि मागचे चाक घासत गेले. प्रसंगावधान राखून त्याने क्लच दाबला म्हणून दोघे पडले नाहीत. थंड झाल्यावर इंजिन फिरू लागले, पण आतून खरखर येत होती. गाडी टेंपोत घालून कराडला न्यावी लागली. हेड उघडल्यावर सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे दिसले आणि दोन्ही प्लगची पोर्सेलीन पांढरीफटक झालेली होती. ब्लॉक बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवावा लागला आणि त्या खर्चात चांगल्या दर्जाचा चेनसेट, दोन्ही टायर आणि ब्रेकचे सर्व काम आरामात झाले असते.

असे का होते, हे समजून घेतले पाहिजे. सायलेन्सर मोकळा झाला की जळालेला वायू लवकर बाहेर पडतो आणि सिलिंडरमध्ये हवा अधिक भरते. उघड्या फिल्टरमुळे हवेचा अडथळा आणखी घटतो, त्यातच डब्यातील स्थिर हवेच्या आधाराने उचलली जाणारी कार्ब्युरेटरची स्लाइड अनियमित वागू लागते. पेट्रोल मात्र जुन्याच जेटमधून येत असते. पातळ मिश्रणात पेट्रोलमुळे मिळणारा गारवा कमी होतो, पिस्टन आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापत जातात आणि हवेवर थंड होणारे इंजिन चढावर, कमी वेगात, पूर्ण थ्रॉटलवर ही उष्णता बाहेर टाकू शकत नाही. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉलला जळण्यासाठी कमी हवा लागते, म्हणून त्याच जेटवर जुन्या कार्ब्युरेटरचे मिश्रण आधीच थोडे पातळ पडलेले असते. बदल करण्यापूर्वीच सीमेवर असलेल्या इंजिनाला आपण आणखी पुढे ढकलतो.

कायद्याचा भागही किरकोळ नाही. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 मध्ये वाहनातील फेरफारावर बंधने आहेत आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाहीत असे स्पष्ट केले. 175 सीसीवरील दुचाकीसाठी आवाजाची मर्यादा 80 डेसिबल आहे आणि बाजारातील बहुतेक मोकळे सायलेन्सर तिच्या फार पुढे जातात. पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोलर फिरवल्याची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिलेली आहेत. गावातून पहाटे जाताना झोपलेल्या माणसांना उठवण्याचा आपल्याला काही अधिकार नाही, हे माझे मत कायद्याच्याही आधीचे आहे.

माझी स्वतःची पद्धत साधी आहे. मूळ सायलेन्सर ठेवावा, आतून काजळी धरली असल्यास किंवा गंजून कुजला असल्यास मूळ बनावटीचाच नवा घ्यावा आणि हेडपाशी असलेली गॅस्केट बदलावी. फिल्टरचा डबा जागेवरच ठेवून आतला फिल्टर नवा बसवावा. कार्ब्युरेटर पूर्ण खोलून पायलट जेट (मंद गतीला पेट्रोल देणारा) स्वच्छ करावा, आतली पेट्रोलची पातळी ठरवणाऱ्या फ्लोटची उंची तपासावी आणि इथेनॉलमुळे फुगलेल्या ओ-रिंग व नळ्या बदलाव्यात. इतके करूनही प्लग पांढरे येत असतील, तरच मेन जेट (मोठ्या थ्रॉटलवर पेट्रोल देणारा) एका पायरीने मोठा करून पाहावा. तपासण्यासाठी इंजिन पूर्ण तापवून, मोकळ्या चढावर काही वेळ मोठ्या थ्रॉटलवर चालवावे, मग क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करावे आणि प्लग काढावेत. फिकट तपकिरी रंग मला चालतो. काळी काजळी दिसली तर जेट फार मोठा झाला आहे. प्लग दोन आहेत, म्हणून दोन्ही पाहावेत. हाताला सोपा असलेला एकच पाहून समाधान मानू नये.

वेगाच्या मोहाने स्प्रॉकेट बदलणे

पुढचे स्प्रॉकेट एका दाताने मोठे करणे हा सर्वांत स्वस्त आणि परत फिरवता येणारा बदल आहे, म्हणून मी त्याला सरसकट विरोध करत नाही. त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्या सुमारे सहा टक्क्यांनी घटतात आणि सपाट महामार्गावर एकट्याने जाताना थरथर कमी होते. पण तितकाच जोर मागच्या चाकावरूनही घटतो. गाडी, दोन माणसे आणि सामान मिळून वजन साडेतीनशे किलोच्या घरात जाते तेव्हा हे सहा टक्के ताम्हिणी किंवा आंबा घाटात प्रत्येक वळणावर जाणवतात, आणि समोरून वारा असला तर पाचवा गिअर नावापुरताच उरतो. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने असा बदल करून कोकणाची सहल केली आणि महामार्गावर जे सुख मिळवले, ते घाटात सतत गिअर खाली टाकण्यात घालवले. ज्यांचे फिरणे मुख्यतः सह्याद्रीत, जोडीने आणि सामानासह होते, त्यांनी मूळ दातच ठेवावेत. चेन झिजलेली असताना फक्त एक स्प्रॉकेट बदलणे मात्र कोणत्याही परिस्थितीत चूक आहे, कारण जुनी चेन नवे दात काही महिन्यांत खाऊन टाकते. चेनसेट पूर्णच बदलावा.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

8.5:1 कॉम्प्रेशनच्या इंजिनात 95 किंवा 100 ऑक्टेनचे महाग पेट्रोल टाकल्याने ताकद वाढत नाही. चांगल्या स्थितीतले मूळ प्लग काढून इरिडियमचे घातल्यानेही ती वाढत नाही. या गाडीचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून कारचे ऑइल वापरू नये. 15डब्ल्यू50 ग्रेडचे, जासो एमए (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या) दर्जाचे ऑइल घ्यावे. या इंजिनात व्हॉल्व्ह ढकलणारे टॅपेट हायड्रॉलिक आहेत, म्हणजे आपले अंतर आपणच राखणारे, तेव्हा जो मेकॅनिक टॅपेट सेट करण्याचे पैसे मागतो त्याला हे इंजिन माहीत नाही. भंगारातून आणलेला मोठा कार्ब्युरेटर बसवू नये. त्यावर थ्रॉटल किती उघडला ते कळवणारा थ्रॉटल पोझिशन सेन्सर नसेल तर इग्निशनचा ताळमेळ बिघडतो. मागे रुंद टायर घातल्याने गाडी जड होते आणि वळायला आळशी बनते. बोअर किट बसवून सीसी वाढवली की आरसी पुस्तकातला आकडा खोटा ठरतो आणि अपघातानंतर विमा कंपनीला नकार देण्याचे कारण मिळते.

सगळे एकाच दिवशी बदलणे

अधीर माणूस शनिवारी गॅरेजमध्ये गाडी लावतो, फिल्टर, जेट, प्लग, स्प्रॉकेट सर्व एकदम बदलून घेतो आणि रविवारी गाडी बिघडली की कशामुळे बिघडली हे कोणालाच सांगता येत नाही. एका वेळी एकच बदल करावा आणि ठरलेल्या रस्त्यावर तपासावा. मी त्यासाठी वाईहून पाचगणीकडे जाणारा पसरणी घाट वापरतो. तेच वजन, टायरमध्ये तीच हवा, सकाळची तीच वेळ, आणि कोणत्या वळणानंतर कोणता गिअर किती वेगाला टिकतो याची वहीत नोंद. पाठीला जाणवणारा जोर अनेकदा नुसता आवाजाचा परिणाम असतो. चौथा गिअर पूर्वी जिथे सोडावा लागत होता तिथे आता टिकला, ही नोंद आवाजाने बदलत नाही.

ब्रेक शेवटी ठेवणे

पैसे उरले तर ब्रेक पाहू, असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतो. चढताना मिळवलेला प्रत्येक किलोमीटरचा वेग उतरताना ब्रेकवरच येतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, ओलाव्याने त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि लांब उतारावर लिव्हर अचानक मऊ पडतो. म्हणून डॉट 4 ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. जुनी रबरी नळी फुगत असेल तर स्टीलच्या जाळीची नळी बसवावी. नवे पॅड घातल्यावर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून हळूहळू दाबत काही वेळा थांबून ते डिस्कवर बसू द्यावेत आणि त्यानंतरच गाडीवर सामान चढवावे.