कर्जाच्या फेऱ्यातून घर बाहेर काढताना: मराठवाड्यातील कोरडवाहू कुटुंबांसाठी

मराठवाड्यातील कोरडवाहू कुटुंबाच्या हाती पैसा वर्षातून दोन-तीनदाच येतो: दिवाळीच्या आसपास सोयाबीनचा, पुढे कापसाचा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तूर-हरभऱ्याचा. खर्चाला असा हंगाम नसतो. म्हणून पगारदारांना दिला जाणारा ‘दर महिन्याला इतके टक्के बाजूला टाका’ हा सल्ला येथे फारसा उपयोगी पडत नाही, आणि घराचा हिशेब एका पेरणीपासून पुढच्या पेरणीपर्यंत मांडावा लागतो.

सुरुवात साध्या वहीपासून करावी. घरातील प्रत्येक देणे तिच्यात उतरवावे: बँकेचे किंवा सोसायटीचे पीककर्ज, कृषी सेवा केंद्राची उधारी, आडत्याची उचल, बचत गटाचा हप्ता, सावकाराचे पैसे, पाहुण्यांकडून घेतलेले हातउसने आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरात मुकादमाची उचल. प्रत्येक नोंदीपुढे मुद्दल, व्याजाचा दर, तारण काय ठेवले आणि कागद कोणाकडे आहेत, हे लिहावे. हे काम घरच्या कर्त्याने एकट्याने करू नये, पत्नीला आणि मोठ्या मुलांना सोबत बसवावे. बहुतेक घरांत काही देणी एकट्यालाच ठाऊक असतात आणि संकट आले की त्यांचाच उलगडा होत नाही.

यानंतर सर्व दर वार्षिक करून घ्यावेत, कारण खरे चित्र तेथेच दिसते. ‘तीन रुपये शेकडा’ ऐकायला हलके वाटते, पण तो महिन्याचा दर असल्याने वर्षाला 36 टक्के होतो. अशा दराने घेतलेल्या 50,000 रुपयांवर वर्षाला 18,000 रुपये व्याज जाते. बँकेच्या दीड लाखाच्या पीककर्जावर 7 टक्क्यांनी 10,500 रुपये होतात, म्हणजे तिप्पट रकमेवर त्याहून कितीतरी कमी. शिवाय तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडल्यास केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याजाचा भार जवळपास शून्यावर येतो. तरीही कर्जमाफीच्या आशेने बँकेचे कर्ज थकवून सावकाराचे व्याज नियमित भरणारी घरे गावोगाव आढळतात. हा क्रम उलटा करणे, हीच या वाटेवरची पहिली आणि सर्वांत मोठी पायरी आहे: बँकेचे खाते चालू ठेवावे आणि हाती येणारा जादा पैसा सर्वांत महागड्या देण्याच्या मुद्दलाकडे वळवावा. पेटीत सोने असेल तर ते बँकेत तारण ठेवून सावकाराचे देणे मिटवणे बहुधा फायद्याचे ठरते. सोने घरात आणि 36 टक्के व्याज दारात, याला प्रतिष्ठा म्हणणे कठीण आहे.

मार्चअखेर पीककर्ज ‘नवे-जुने’ करण्यासाठी, म्हणजे जुने फेडून लगेच नवे घेण्यासाठी, काही दिवसांपुरते पैसे उचलण्याची रीत सर्वत्र आहे. ती वापरायचीच असेल, तर नवे कर्ज किती दिवसांत खात्यावर जमा होईल आणि किती मंजूर होईल, हे शाखेत आधी विचारून घ्यावे, नाहीतर चार दिवसांचे उसने वर्षभराचे सावकारी कर्ज होऊन बसते.

सावकारापुढे आपण अगदीच निराधार नसतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. परवानाधारकालाही शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला 9 टक्के आणि विनातारण कर्जावर 12 टक्के एवढेच व्याज घेता येते. कर्जाच्या बदल्यात जमिनीचे खरेदीखत करून घेतले गेले असेल आणि त्याला 15 वर्षे झाली नसतील, तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. चौकशीत व्यवहार सावकारीचा ठरल्यास जमीन परत देण्याचा आदेश ते देऊ शकतात. अर्जासोबत पैसे दिल्याच्या नोंदी, मोबाईलवरील संदेश आणि साक्षीदार लागतात, म्हणून ती वही जपून ठेवावी. कोऱ्या धनादेशावर किंवा कोऱ्या मुद्रांकावर सही कधीही देऊ नये.

मायक्रोफायनान्सचे हप्ते हा अलीकडचा नवा फास आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनुसार कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत, आणि मुदतीपूर्वी फेड केल्यास दंड घेता येत नाही. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचे कर्ज घ्यावे लागत असेल, तर तिसऱ्या कंपनीच्या माणसाला दारातूनच परत पाठवावे.

उत्पन्नाच्या बाजूने पहिला लाभ विक्रीची वेळ बदलून मिळू शकतो. दिवाळीत सोयाबीन घाईने विकावे लागते, कारण उधारीवाला दारात उभा असतो. बाजार समित्यांमार्फत राबवल्या जाणाऱ्या शेतमाल तारण कर्ज योजनेत माल गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम 6 टक्के वार्षिक दराने, सहा महिन्यांसाठी मिळते. भाव वाढेलच याची हमी नाही. पण पडत्या बाजारात विकण्याची सक्ती मात्र टळते. पाण्याची थोडीफार सोय असलेल्यांनी एक एकर तुतीचा विचार करावा, कारण रेशीम कोषांची विक्री जालना आणि बीड येथे होते आणि वर्षात अनेकदा पैसा हाती येतो. दोन-चार शेळ्या किंवा एखादी दुभती म्हैस यांचेही तेच आहे: पावसाने दगा दिला तरी घरात काहीतरी येत राहते.

आजारपण आणि मृत्यू हे घर पुन्हा सावकाराकडे नेणारे दोन मोठे रस्ते आहेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. त्यासाठी कार्ड आजारपणाआधीच काढून ठेवावे. वर्षाला 436 रुपयांचा प्रधानमंत्री जीवनज्योती आणि 20 रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा (अपघात) विमा प्रत्येकी 2 लाखांचे संरक्षण देतो, मात्र त्यांचा हप्ता मेअखेर खात्यातून आपोआप कापला जातो, आणि नेमक्या त्याच वेळी बियाण्यांमुळे खाते रिकामे असते. तेवढी शिल्लक आधीच ठेवावी. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून वारसाला 2 लाख रुपये मिळतात, आणि तिला हप्ताही नाही. कर्जाच्या चिंतेने घरातील कोणी अबोल झाला, जेवण टाकू लागला, तर 14416 या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर मोफत बोलता येते; हिशेब नंतर करता येतील.

शिल्लक पडू लागली की ती कोठे ठेवायची, याबाबत आपल्या भागाने मोठी किंमत मोजली आहे. बँकेतील 5 लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा असतो. पतसंस्थेतील किंवा मल्टिस्टेटमधील (एकाहून अधिक राज्यांत चालणाऱ्या सहकारी पतसंस्थेतील) ठेवींना तो नसतो. दोन-तीन टक्के जादा व्याजासाठी आयुष्याची पुंजी तेथे गुंतवू नये. बँक किंवा पोस्टच पुरेसे आहे. तेथे वारसाचे नाव लावून घ्यावे. आणि एखादे कर्ज फिटले की त्याच आठवड्यात बेबाकी दाखला (देणे बाकी नसल्याचा कागद) घेऊन तलाठ्याकडे सातबाऱ्यावरील बोजा कमी करण्याचा अर्ज द्यावा, आणि फेरफार मंजूर झाल्याचा उतारा हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये.