"आजी-आजोबांना इंटरेस्ट नाही" असं लिहून मोकळं होण्याआधी या चुका टाळा

वृद्धाश्रमात गाण्याच्या आणि व्यायामाच्या सेशनसाठी टॅबलेट आला, भिंतीवर मोठा टीव्ही लागला, ब्लूटूथ स्पीकर आला, पहिल्या आठवड्यात हॉल भरला आणि महिन्याभरात तीनच जण उरले, त्यातले दोघं खुर्चीतच पेंगतायत. मग रजिस्टरमध्ये एक ओळ पडते, "रहिवाशांना इंटरेस्ट नाही". ही ओळ मी स्वतःही लिहिलेली आहे म्हणून सांगते, बहुतेक वेळा ती चुकीची असते. ऐकू येत नसतं, दिसत नसतं, पाय जमिनीला टेकत नसतात, गाणं त्यांचं नसतं, वेळ चुकलेली असते. आणि ज्याला धड ऐकूच येत नाही तो माणूस लांबून अगदी कंटाळलेल्या माणसासारखाच दिसतो.

आवाज वाढवला तरी "कळत नाही" म्हणतात

इथे सगळ्यांचा हात आधी व्हॉल्यूमकडे जातो, आणि तीच चूक. वयामुळे कान जातात तेव्हा आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज जातात, म्हणजे स, श, फ, थ असली व्यंजनं पुसट होतात आणि जाड आवाज मात्र चांगले ऐकू येत राहतात. त्यामुळे व्हॉल्यूम वाढवला की बेस, म्हणजे तोच जाड आवाज, अजून धडधडतो, शब्द होते तिथेच. शिवाय अशा कानांना हळू आवाज ऐकूच येत नाही आणि थोडा मोठा केला की एकदम टोचतो, म्हणून एकच आजी आधी "मोठ्याने लावा" म्हणतात आणि दोन मिनिटांनी "बंद करा ते" म्हणतात, त्यात त्यांचा हट्टीपणा वगैरे काही नसतो.

बेस कमी करा, ट्रेबल म्हणजे बारीक आवाज थोडा वर घ्या, आणि स्पीकर जवळ आणा, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणून कोपऱ्यात एक मोठा स्पीकर ठेवण्यापेक्षा दोन छोटे जवळ ठेवलेले बरे. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर तर अजिबात विसंबू नका, बऱ्याच टीव्हींचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, आवाज भिंतीवर आपटून घुमतो. पंखा, एसी, शेजारच्या खोलीत चालू राहिलेला टीव्ही हे पण बघा. आणि सेशनआधी शेवटच्या खुर्चीत जाऊन स्वतः बसा, अर्ध्या तक्रारी तिथेच कळतात.

कानातलं मशीन असेल तर आधी बॅटरी तपासा, हसू नका, खरंच. मशीन बोलणं ऐकण्यासाठी ट्यून केलेलं असतं, गाणं त्याला कधीकधी गोंगाट वाटतो आणि ते दाबून टाकतं. बऱ्याच मशीनमध्ये म्युझिकसाठी वेगळा प्रोग्रॅम असतो किंवा करून घेता येतो, घरच्यांना किंवा ऑडिओलॉजिस्टना (कान तपासून मशीन लावून देणाऱ्यांना) एकदा विचारा. मशीनवरून हेडफोन घातला आणि शिट्टी वाजायला लागली तर हेडफोन जरा बाजूला सरकवा.

व्हिडिओतल्या ताई एकीकडे, ठेका भलतीकडे

टीव्हीवर हात वर गेलेला दिसतो आणि ठेका नंतर ऐकू येतो. ब्लूटूथवरून आवाज जायला बऱ्याचदा पाव सेकंदाच्या आसपास उशीर होतो. तुम्ही-आम्ही जुळवून घेतो, पण डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या माणसाला डोळ्यांनी एक आणि कानांनी दुसरं सांगितलं की तो थांबून जातो. साधी वायर लावा, प्रॉब्लेम गेला. फोनची स्क्रीन टीव्हीवर टाकत असाल आणि आवाज फोनवरूनच येत असेल तर उलटं होतं, चित्र मागे पडतं, तेव्हा दोन्ही एकाच डब्यातून जाऊ द्या.

ऑनलाइन लाइव्ह क्लास असेल तर अजून एक भानगड. शिकवणाऱ्या ताईंचं बोलणं छान येतं आणि गाणं तुटक-तुटक, कारण मीटिंगचं सॉफ्टवेअर गाण्याला बॅकग्राउंडचा आवाज समजून कापतं. झूममध्ये त्यासाठी "ओरिजिनल साऊंड फॉर म्युझिशियन्स" अशी सेटिंग आहे, ती ताईंनी त्यांच्या बाजूने चालू करायची, आणि स्क्रीन शेअर करताना "शेअर साऊंड" वर टिक करायची. दोन ठिकाणच्या लोकांनी एकत्र गायचं हे स्वप्न मात्र सोडून द्या, इंटरनेटच्या उशिरामुळे सगळे एकमेकांच्या मागे-पुढे गातात, हॉलचा माइक म्यूट करा आणि आपापल्या हॉलमध्ये मोकळ्या गळ्याने गा.

छोट्या गोष्टी पटकन सांगते: गाणी आधी डाउनलोड करून ठेवा, ऑटोप्ले बंद, स्क्रीन आपोआप झोपायची सेटिंग बंद, नोटिफिकेशन बंद. शांत गाण्याच्या मधोमध किंचाळणारी जाहिरात आली की जी आजी आत्ता कुठे खुलली होती ती परत मिटते. आणि पर्सनल अकाउंटवरून हॉलमध्ये सगळ्यांना गाणी ऐकवणं बहुतेक म्युझिक ॲपच्या नियमात बसत नाही, ऑफिसला लायसन्सबद्दल एकदा विचारून ठेवा.

"जुनी गाणी" म्हणजे कोणाची जुनी?

ही माझी आवडती चूक, म्हणजे मी सगळ्यात जास्त वेळा केलेली. वृद्ध लोक आहेत ना, मग लावा सगळ्यात जुनं काहीतरी. पण माणसाच्या आठवणी सगळ्यात घट्ट बसलेल्या असतात त्या साधारण १० ते ३० वयातल्या, आणि गाण्यांचंही तसंच. १९४२ साली जन्मलेल्या माणसासाठी ती वर्षं म्हणजे १९५२ ते १९७२. तुम्ही १९३५ ची रेकॉर्ड लावली तर ती त्यांच्या आईवडिलांची गाणी झाली, त्यांना ती ओळखीची असतील, आवडतीलही, पण अंगात येणार नाहीत. शिवाय एकाच हॉलमध्ये ६८ वर्षांचे काका आणि ९६ वर्षांच्या आजी बसलेल्या असतात, म्हणजे मायलेकांचं अंतर, त्यांची एकच प्लेलिस्ट कशी होईल? प्रत्येकाचं जन्मसाल लिहा, त्यातून वर्षं काढा, मग घरच्यांना विचारा की काम करताना काय गुणगुणायचे, लग्नात काय वाजलं होतं, आणि हो, कुठलं गाणं अजिबात लावायचं नाही. हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही. गेलेल्या मुलाची आठवण देणारं गाणं पन्नास लोकांच्या हॉलमध्ये अचानक लागलं तर काय होतं ते मी पाहिलंय.

ओरिजिनल रेकॉर्डिंगच लावा. रिमिक्समध्ये सुरुवातीचा तुकडा बदललेला असतो आणि ओळख पटते ती बऱ्याचदा त्या पहिल्या दोन-चार सेकंदांतच.

आणि कोणी रडलं तर लगेच गाणं बंद करू नका. जवळ बसा, हात हातात द्या, बघा ते कसलं रडणं आहे. गाणं झाल्यावर "परत लाव" म्हणणारे पण असतात. खरोखर त्रास होत असेल तर हळूहळू आवाज कमी करत दुसऱ्या गाण्यावर जा, पण एकदम उडत्या चालीवर नको, आधी त्यांच्या मूडच्या जवळचं, मग थोडं हलकं.

व्यायाम चालू आणि सगळे दोन स्टेप मागे

तयार व्हिडिओ बहुतेक वेळा फास्ट असतात. मिनिटाला १२० ठेके पडणारं गाणं असेल तर प्रत्येक ठेक्यावर हात हलवायचा नाही, एक सोडून एक घ्यायचा, गाणं तेच राहतं आणि हालचाल निम्म्या वेगाची होते. किंवा प्लेअरमध्ये स्पीड ०.७५ करा, सूर तोच राहतो, फक्त गाणारा जरा निवांत वाटतो. सूचना एका वेळी एकच. "उजवा हात वर, डावा पाय पुढे आणि टाळी" हे तीन हुकूम झाले. एक सांगा, करून दाखवा, आणि थांबा, इथे आपल्याला जेवढं थांबावंसं वाटतं त्याच्या दुप्पट थांबा. स्क्रीनवरची ताई थांबू शकत नाही, म्हणून पॉजचं बटण कोणाच्या तरी हातात हवं.

पार्किन्सन्स असलेल्यांना ठाम, एकसारखा ठेका चालायला खरंच मदत करतो, अडलेलं पाऊल ठेक्यावर सुटतं. पण म्हणूनच "गाणं थांबलं की पुतळा" हा खेळ उभ्याने घेऊ नका, ठेका गेला की पाऊल मध्येच अडकू शकतं आणि वरचं अंग पुढे जातं. बसून खेळा, मजा तेवढीच येते.

स्ट्रोकनंतर कधीकधी दोन्ही डोळ्यांची एकच बाजू दिसेनाशी होते. डावी बाजू गेलेल्या आजोबांना टीव्हीच्या उजवीकडे बसवलं तर टीव्ही त्यांच्या डावीकडे जातो, म्हणजे त्यांच्यासाठी तो नाहीच, आणि आपण म्हणणार लक्ष देत नाहीत. खुर्ची हॉलच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बघा. खिडकीचं ऊन स्क्रीनवर पडत असेल तर मोतीबिंदूवाल्यांना नुसती पांढरी चमक दिसते. आणि बोलता न येणारा माणूसही कधीकधी गाऊ शकतो, स्ट्रोकने वाचा गेलेल्यांसाठी सुरातून बोलायला शिकवायची एक पद्धत १९७३ पासून आहेच, तेव्हा "ते बोलत नाहीत" म्हणून कोणाला खोलीत ठेवू नका.

खुर्ची, चप्पल आणि बीपी

इथे घाई नको. खुर्ची चाकांची नको, हात असलेली हवी, पाय पूर्ण टेकायला हवेत. टेकत नसतील तर पायाखाली घसरणार नाही असं पक्कं पाऊल-स्टूल द्या, लोंबकळत्या पायांनी कोणाला व्यायाम होत नाही. व्हीलचेअरचे ब्रेक लावले का ते दोनदा बघा आणि पाय टेकवून व्यायाम करायचा असेल तर फूटरेस्ट वर घ्या. पायात सपाता नकोत, मागून बंद असलेलं काहीतरी हवं.

जेवणानंतर लगेच सेशन ठेवू नका, वयस्कर माणसाचं बीपी जेवणानंतर उतरू शकतं, आणि उठून उभं राहिल्यावर वरचं बीपी २० ने किंवा खालचं १० ने पडलं तर चक्कर, मग पडणं. उभं राहायच्या आधी बसल्या बसल्या पाय हलवून घ्या, उभं राहिल्यावर लगेच पाऊल टाकू नका. डिमेन्शियावाले बरेच जण संध्याकाळकडे अस्वस्थ होतात, त्यांच्यासाठी सकाळची उशिराची वेळ जास्त जमते.

दम किती लागलाय ते पल्सवर ठरवू नका, बीटा ब्लॉकरच्या (बीपी-हृदयासाठीच्या) गोळ्या चालू असतील तर पल्स पुरेशी वाढतच नाही. हालचाल करताना बोलता येतंय का बघा, दोन शब्दांत श्वास लागत असेल तर थांबायचं. हाडं ठिसूळ असतील तर कमरेतून खोल वाकणं आणि झटक्याने वळणं नको, खुब्याचं ऑपरेशन झालं असेल तर फिजिओथेरपिस्टने काय मना केलंय ते कार्डवर लिहून खुर्चीमागे लावा, कारण व्हिडिओला ते माहीत नसतं. छातीत दुखणं, चक्कर, अचानक गोंधळल्यासारखं होणं, यातलं काहीही झालं तर गाणं बिणं सोडा आणि नर्सना बोलवा.

जागतिक आरोग्य संघटना ६५ च्या पुढच्या लोकांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि ३ दिवस तोल-ताकदीचा व्यायाम सांगते. तो आकडा भिंतीवर लावून लोकांना घाबरवू नका, १० मिनिटांनी सुरुवात करा, कमी झालं तरी काहीच न होण्यापेक्षा चांगलं असंही तीच संघटना सांगते.

हेडफोन लावून दिला आणि विसरलो

खोलीत पडून असलेल्यांसाठी हेडफोन मस्त, पण ज्यांना तो स्वतः काढता येत नाही त्यांच्या कानावर तो तासभर सोडून जाऊ नका. समोरून दाखवून घाला, मागून नाही. आधी एक मिनिट स्वतःच्या कानाला लावून आवाज बघा. पेसमेकर असेल तर हेडफोन काढल्यावर छातीवर लोंबकळत ठेवायचा नाही, त्यात चुंबक असतं, १५ सेंटीमीटर तरी लांब. आणि सगळ्यांना एकच हेडफोन फिरवत असाल तर मध्ये पुसा.

आता परत त्या रजिस्टरकडे. "किती जण आले" हा कॉलम ठेवा, पण शेजारी अजून एक करा, "काय दिसलं". आमच्याकडे एक आजी महिनाभर डोळे मिटून बसायच्या, मी त्यांना झोपलेल्यांत धरत होते. एका केअरटेकर ताईने खाली वाकून पाहिलं तर उजव्या पायाचा अंगठा बरोब्बर ठेक्यावर हलत होता.