शेतातल्या हंगामाचा वाटा: सेंद्रिय भाजीपाल्यासाठी शेतकऱ्याशी थेट जोडून घेताना

पुणे, मुंबई आणि नाशिक या शहरांत सेंद्रिय भाजीची टोपली घरपोच देणारे आता पुष्कळ आहेत. त्यांतले बरेचसे व्यापारी असतात आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र समुदायाच्या पाठबळावर चालणारी शेती, जिला सीएसए (कम्युनिटी सपोर्टेड ॲग्रिकल्चर) या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखले जाते, तिचा व्यवहार निराळा असतो. येथे सभासद शेतकऱ्याच्या एका हंगामात वाटा घेतो. पेरणीपूर्वी तो आपल्या वाट्याची रक्कम भरतो, शेतकरी त्या रकमेतून बियाणे, शेणखत आणि मजुरी यांची सोय लावतो, आणि पुढे दर आठवड्याला शेतात जे निघेल त्यातला ठरलेला हिस्सा सभासदाच्या घरी येतो. पीक चांगले आले तर टोपली जड होते. अवकाळी पावसाने झोडपले तर तीच टोपली अर्धी येते आणि भरलेले पैसे परत मागता येत नाहीत. ही अट ज्यांना मनापासून मान्य होणार नाही, त्यांनी शेतकरी आठवडे बाजारातून भाजी घ्यावी. तीही ताजीच असते आणि तेथे निवडीला वाव असतो.

ही पद्धत जपानमध्ये १९७० च्या दशकात रुजली. तेथे १९७१ मध्ये स्थापन झालेल्या सेंद्रिय शेती संघटनेने उत्पादक आणि ग्राहक यांच्यातील थेट भागीदारीचा पुरस्कार केला. अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांतील दोन शेतांवर असे उपक्रम सुरू झाले. आपल्याकडे मुंबईत मोफ्का या शेतकरी-ग्राहक संघटनेची ‘हरी भरी टोकरी’ ही याच धर्तीची योजना २०१० च्या सुमारास उभी राहिली. पुढे २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला, त्यामुळे शेतकऱ्याने थेट ग्राहकाला माल देण्याची वाट अधिक मोकळी झाली.

शेतकरी शोधावा कसा

शोधाची सुरुवात आठवडे बाजारापासून करणे सर्वांत सोपे. तेथे सलग काही आठवडे एकाच शेतकऱ्याकडून भाजी घेतल्यावर त्याच्याकडे काय पिकते, कोणत्या आठवड्यात काय संपते आणि तो ग्राहकाशी कसा बोलतो, हे आपोआप कळते. जिल्ह्याच्या ‘आत्मा’ या कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेच्या कार्यालयात सेंद्रिय शेती करणाऱ्या गटांची माहिती मिळू शकते. पीजीएस-इंडिया या सरकारी प्रमाणीकरण योजनेच्या संकेतस्थळावरही नोंदणीकृत स्थानिक गट पाहता येतात. आपल्याच गृहसंकुलातील कोणी आधीपासून वाटा घेत असेल तर त्या घरच्या अनुभवाचे मोल या सर्वांहून अधिक आहे. विशेषतः ऑगस्ट आणि मे या दोन महिन्यांत टोपलीत काय येत होते, हे त्यांना अवश्य विचारावे, कारण हिवाळ्यात चांगली टोपली कोणीही देऊ शकतो.

शेत शक्यतो दोन-अडीच तासांच्या वाटेवर असावे. पुणेकरांना मुळशी, मावळ, पुरंदर किंवा जुन्नर हे तालुके त्या अंतरात सापडतात. प्रत्येकाची तऱ्हा मात्र वेगळी. मुळशी-मावळात पाऊस भरपूर पडतो, भात चांगला होतो आणि पावसाळ्यात पालेभाजी टिकत नाही. पुरंदरमध्ये वाटाणा, अंजीर आणि सीताफळ हाताशी असते, परंतु पाण्याची ओढ लवकर लागते. सेंद्रिय म्हणवणारी टोपली जर बारा महिने टोमॅटो, फ्लॉवर आणि ढोबळी मिरची यांनी सारखीच भरलेली दिसली, तर ती एका शेतातून येत नाही, एवढे खुशाल समजावे.

पैसे भरण्याआधी शेत पाहावे

ही पायरी वगळू नये. जो शेतकरी सभासदाला शेतावर येऊ देण्यास टाळाटाळ करतो, त्याच्याशी हंगामभराचा व्यवहार करण्यात अर्थ नाही. भेट मात्र त्याच्या सोयीने ठरवावी. पेरणीच्या किंवा तोडणीच्या दिवशी पाहुणे आले की त्याचा अर्धा दिवस जातो.

शेतावर गेल्यावर प्रथम बांधाकडे पाहावे. शेजारच्या शेतात रासायनिक फवारणी होत असेल तर वाऱ्याबरोबर ती इकडे येते, म्हणून जाणता शेतकरी कडेला मका, ज्वारी किंवा शेवरीची दाट ओळ लावतो. पावसाचे पाणी वरच्या शेतातून या शेतात उतरते काय, हेही विचारावे. त्यानंतर बियाण्याची चौकशी करावी. गुलाबी किंवा निळ्या रंगाचे बियाणे बहुधा बुरशीनाशक लावलेले असते. ते वापरले असेल तर शेतकऱ्याने तसे मोकळेपणाने सांगावे, एवढी अपेक्षा गैर नाही. मावा, तुडतुडे किंवा भुरी आली तर काय करतो, या प्रश्नाचे उत्तर सर्वांत बोलके असते. निंबोळी अर्क, दशपर्णी अर्क, चिकट सापळे, झेंडूसारखे सापळा पीक यांची नावे सगळेच घेतात. पण दशपर्णी कधी भिजत घातला, कोणत्या पिकावर मारला आणि तरीही कोणते पीक हातचे गेले, हे जो तपशिलाने सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवावा. आमच्याकडे कीड येतच नाही, असे सांगणाऱ्यापासून दोन हात दूर राहावे.

पाण्याचा प्रश्न शहरी माणसाला सुचत नाही, परंतु उन्हाळी टोपलीचे भवितव्य त्यावरच ठरते. विहीर आहे की बोअर, शेततळे आहे काय, मार्चनंतर पाणी किती तास चालते आणि कालव्याचे आवर्तन मिळते काय, हे विचारून ठेवावे. एप्रिलमध्ये विहीर तळाला जाणारे शेत वाईट नव्हे. त्या शेतकऱ्याने उन्हाळी वाटा विकू नये, एवढेच.

प्रमाणपत्राबाबत दोन टोकाच्या समजुती आढळतात. एक म्हणजे प्रमाणपत्र नसेल तर माल बनावट, आणि दुसरी म्हणजे प्रमाणपत्र असले की काही पाहायला नको. वस्तुस्थिती मधे कुठेतरी आहे. निर्यातीच्या आणि मोठ्या बाजाराच्या दृष्टीने आखलेल्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात त्रयस्थ संस्था तपासणी करते, आणि तिचा खर्च एक-दोन एकरांच्या शेतकऱ्याला सहज परवडत नाही. पीजीएस पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची तपासणी करतो. रासायनिक शेती सोडून सेंद्रियकडे वळण्याच्या, म्हणजे रूपांतराच्या, काळातील मालाला ‘ग्रीन’ आणि तो काळ पूर्ण झाल्यावर ‘ऑरगॅनिक’ असा दर्जा मिळतो. हंगामी पिकांसाठी रूपांतराचा काळ साधारण दोन वर्षांचा, तर फळबागेसारख्या बहुवर्षीय पिकांसाठी तीन वर्षांचा धरला जातो. पाकीटबंद मालावर ‘जैविक भारत’ हे बोधचिन्ह पाहावे. मात्र स्वतः पिकवून थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला अन्नसुरक्षा नियमांत प्रमाणीकरणातून सूट आहे. माझे मत विचाराल तर रूपांतराच्या काळात असलेल्या प्रामाणिक शेतकऱ्याला आपल्या आगाऊ पैशाची गरज सर्वांत जास्त असते, आणि तो आपला माल ‘ग्रीन’ आहे असे स्वतःहून सांगत असेल तर त्याचा वाटा अवश्य घ्यावा.

भाजीत उरलेल्या कीटकनाशकांच्या अंशांची प्रयोगशाळेतील तपासणी उपयोगी आहे, पण तिची मर्यादा ओळखावी. त्या अहवालात कीटकनाशके सापडतात. युरिया टाकला होता की नाही, हे त्यातून कळत नाही. पान किडीने खाल्लेले आहे, यावरूनही काही सिद्ध होत नाही. फवारणी करूनही भोके पडलेली भाजी बाजारात रोज येते.

व्यवहार लेखी असावा

करारासाठी वकिलाची गरज नसते. एका पानावर मराठीत लिहिलेले आणि दोघांनी सही केलेले टिपण पुरेसे होते. हंगाम कोणत्या आठवड्यापासून कोणत्या आठवड्यापर्यंत, टोपल्या एकूण किती, प्रत्येकीत अंदाजे किती किलो आणि किती प्रकार, रक्कम एकदम की दोन-तीन हप्त्यांत, हे त्यात यावे. समजा सोळा आठवड्यांसाठी ८,००० रुपये ठरले, तर एका टोपलीला ५०० रुपये पडतात. या आकड्याची तुलना बाजारातील सेंद्रिय भाजीच्या भावाशी करावी, मंडईतल्या साध्या भाजीशी नव्हे. मंडईशी तुलना केल्यास वाटा नेहमी महागच वाटेल आणि मन खट्टू होईल.

त्यानंतर जोखमीचे कलम. गारपीट, अतिवृष्टी किंवा दुष्काळाने पीक गेले तर नुकसान दोघांनी सोसायचे, हे तत्त्व मान्य असले तरी त्याची रीत आधी ठरलेली असावी. काही शेतकरी पुढील हंगामात भरपाई म्हणून जादा टोपल्या देतात, काही धान्य किंवा कडधान्य देऊन तूट भरतात, आणि काही काहीच देत नाहीत. तिन्ही रीती चालण्यासारख्या आहेत. वाद होतो तो आधी न बोलल्यामुळे. मजूर न मिळाल्यामुळे किंवा नियोजन चुकल्यामुळे टोपली आली नाही, तर ती निसर्गाची जोखीम मानायची की शेतकऱ्याची, हेही स्पष्ट लिहावे. आणखी एक मुद्दा म्हणजे बाहेरून घेतलेला माल. अडचणीच्या आठवड्यात शेजारच्या सेंद्रिय शेतकऱ्याकडून भाजी घेऊन टोपली पुरी करणे चालेल काय, आणि तसे केल्यास सभासदाला सांगितले जाईल काय, याचे उत्तर टिपणात असावे.

सुट्ट्यांचा विचार बहुतेक जण विसरतात. मे महिन्यात गाव गाठणारे, गणपतीत कोकणात जाणारे आणि दिवाळीत आठ दिवस घर बंद ठेवणारे सभासद त्या आठवड्यांची टोपली पुढे ढकलू शकतात काय, किंवा शेजाऱ्याला देऊ शकतात काय, हे विचारावे. पीक शेतात थांबत नाही, त्यामुळे शेतकरी बहुधा शेजाऱ्याला देण्याचा पर्याय सुचवील, आणि तो रास्त आहे.

एक सावधगिरी मात्र ठामपणे बाळगावी. भाजीऐवजी वर्षाअखेर ठरावीक व्याज किंवा नफा देण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर ती गुंतवणूक योजना आहे आणि तिचा या पद्धतीशी संबंध नाही. तेथे पैसे गुंतवू नयेत. भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी; यूपीआयने पैसे दिले तरी कोणत्या हंगामाचा कितवा हप्ता हे त्यात नोंदवावे.

किती वाटा घ्यावा

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या खाव्यात. त्या हिशेबाने चौघांच्या घराला आठवड्याला अकरा किलोंहून थोडी अधिक भाजी लागते. तरीही पहिल्याच हंगामात पूर्ण वाटा घेऊ नये. चार ते पाच किलोंचा अर्धा वाटा घेऊन किंवा शेजारच्या घराशी वाटणी करून सुरुवात करावी, कारण पहिले काही आठवडे टोपलीतील निम्म्या भाज्या घरात कोणालाच करता येत नाहीत असे आढळते. कांदे आणि बटाटे बहुधा बाहेरूनच आणावे लागतात.

टोपली आली की स्वयंपाकघराचे वेळापत्रक तिच्याप्रमाणे बदलावे लागते, आणि सभासदत्व टिकते की तुटते ते येथेच. पालेभाज्या त्याच संध्याकाळी निवडून, न धुता, सुती कापडात गुंडाळून ठेवाव्यात. मुळा आणि गाजर यांचा पाला लगेच वेगळा करावा, नाहीतर कंद मऊ पडतो. मेथी, चाकवत, अंबाडी, राजगिरा पहिल्या दोन दिवसांत संपवावा. त्यानंतर भेंडी, गवार, दोडका आणि शेवटी कोबी, दुधी, लाल भोपळा, सुरण. मुळ्याचा पाला टाकून देऊ नये, पीठ पेरून त्याची भाजी उत्तम होते. चाकवत ताकात करावा, अंबाडीत डाळ आणि तांदळाच्या कण्या घालाव्यात, आणि दुधीचा कंटाळा आला की तो किसून थालीपिठात ढकलावा. पावसाळ्याच्या सुरुवातीला टोपलीत टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी यांसारख्या रानभाज्या आल्या तर त्या करण्याची रीत शेतकऱ्याच्या घरातील बाईमाणसांना विचारून घ्यावी. शेवळाच्या बाबतीत तर हे आवश्यकच आहे, कारण काकड नावाच्या रानझाडाच्या फळांचा रस किंवा चिंच नीट पडली नाही तर तो घशाला खाजतो.

तक्रार असेल तर टोपली मिळाल्याच्या दिवशीच, छायाचित्रासह आणि सौम्य भाषेत कळवावी. सर्व सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर ती प्रथम टाकू नये. आधी शेतकऱ्याशी बोलावे. वाकडे गाजर, लहान वांगे किंवा एखादी अळी ही तक्रारीची कारणे नव्हेत. कुजलेली भाजी, वारंवार कमी भरणारे वजन आणि न सांगता केलेला बदल ही कारणे आहेत.

हंगाम संपत आला की पुढचा वाटा घ्यावा की नाही, हे शेवटच्या टोपलीपर्यंत लांबवू नये. खरिपाची तयारी मेमध्ये, रब्बीची सप्टेंबरमध्ये आणि उन्हाळी पिकांची जानेवारीत सुरू होते. टोमॅटो किंवा वांग्याचे रोप लावणीला येण्यास महिनाभर लागतो, म्हणजे कोणत्या भाज्या अधिक हव्यात आणि कोणत्या घरात पडून राहिल्या, हे शेतकऱ्याला त्याने रोपवाटिकेत बी टाकण्यापूर्वी कळले पाहिजे. सभासदत्व थांबवायचे असेल तर तेही याच सुमारास सांगावे, म्हणजे त्याला तितके वाफे कमी करता येतात किंवा आपल्या जागी दुसरे घर शोधता येते.