नव्या फिश टँकचं विरजण : मुंबईच्या पाण्यात उपयोगी जिवाणू लवकर कसे वाढवायचे

नव्या टाकीतले मासे पहिल्या पंधरा दिवसांत मरतात, तेव्हा बहुतेक वेळा कारण रोगाचं नसतं. पाणी स्वच्छ दिसत असतं, पण त्यात अमोनिया साठलेला असतो. माशांच्या कल्ल्यांमधून तो सतत बाहेर पडतो आणि उरलेलं खाणं कुजलं की त्यात भर पडते. जुन्या टाकीत जिवाणूंचा एक गट या अमोनियाचं नायट्राइट करतो आणि दुसरा, मुख्यतः नायट्रोस्पायरा, नायट्राइटचं नायट्रेट करतो. अमोनिया आणि नायट्राइट थोडे असले तरी माशांना घातक. नायट्रेट मात्र दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. नव्या टाकीत हे दोन्ही गट जवळजवळ नसतातच.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते फिल्टरमधला स्पंज, सिरॅमिक रिंग आणि टाकीतली खडी यांना चिकटून राहतात. त्यामुळे ‘माझ्या टाकीतलं दोन बादल्या जुनं पाणी घेऊन जा’ हा सल्ला कितीही प्रेमाने दिलेला असला, तरी त्याने काम पुढे सरकत नाही. दही लावायला शेजारी विरजण मागतो, तसा चालत्या टाकीतला स्पंज मागायचा. दह्याचं काम रात्रीत उरकतं. या जिवाणूंना मात्र दुप्पट व्हायलाच अर्धा ते एक दिवस लागतो. शून्यातून सुरुवात केली तर तीन ते सहा आठवडे जातात. चांगला स्पंज मिळाला तर तेच काम आठ-दहा दिवसांत होतं, कधी चार-पाच दिवसांतही.

पुढची सगळी मापं २ फूट × १ फूट × १ फूट टाकीची आहेत. खडी घातल्यावर तिच्यात साधारण ५० लिटर पाणी बसतं.

विरजण कुठून आणायचं

ज्या टाकीत किमान तीन महिने मासे नीट जगताहेत, गेल्या महिन्यात नवा मासा आलेला नाही आणि औषध पडलेलं नाही, तिथला स्पंज सगळ्यात चांगला. ओळखीच्या घरचा मिळाला तर उत्तम. दुकानातला नाइलाज म्हणूनच घ्यावा, कारण तिथे दर आठवड्याला नवे मासे येतात आणि त्यांच्याबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोगही. खाली दिलेल्या पद्धतीत साधारण आठवडाभर टाकीत मासा नसतो आणि पाणी २८ ते ३० अंशांवर असतं. एवढ्या काळात त्या ठिपक्यांच्या परजीवीला मासा न मिळाल्याने तो बहुतेक मरतो, पण सगळेच रोग असे जात नाहीत.

देणाऱ्याचा फिल्टर उघडा करू नका. एक तृतीयांशापेक्षा जास्त स्पंज किंवा रिंग काढल्या तर त्याच्याच टाकीत अमोनिया चढतो. त्याच्याकडे दोन स्पंज फिल्टर असतील तर एक अख्खा उचलता येतो. घाई नसेल तर आणखी सोपं : तुमचा नवा स्पंज फिल्टर महिनाभर त्याच्या टाकीत चालू ठेवायला द्या.

आणताना जिवाणूंना ओलावा आणि प्राणवायू दोन्ही लागतात. स्पंज त्याच टाकीतल्या पाण्यात भिजवून पिशवीत घाला, तळाशी बोटभर पाणी ठेवा, बाकी पिशवीत हवा राहू द्या. काठोकाठ पाण्यात बुडवून तोंड आवळलं तर आतला प्राणवायू लवकर संपतो. लोकलने आणा, रिक्षाने आणा, पण दोन तासांच्या आत आणा. स्कूटरच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या गाडीत पिशवी ठेवू नका. घरी आल्यावर नळाखाली धरण्याचा मोह टाळा. दिसायला घाण वाटणारा तो तपकिरी थर म्हणजेच आपला माल.

जुना स्पंज नव्या फिल्टरमध्ये बसत नसेल तर तुकडे करून पाण्याच्या वाटेत ठेवा. रिंग असतील तर जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरच्या तोंडाशी लटकवा. देणारा नुसताच पिळून द्यायला तयार असेल तर तो गाळही घ्या आणि फिल्टर चालू असताना टाकीत ओता. पाणी काही तास गढूळ दिसेल. हा मार्ग अख्ख्या स्पंजाइतका जोरकस नाही, पण शून्यापेक्षा पुष्कळ बरा.

आधी पाणी

आपल्या घाईत सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात.

पहिली गोष्ट क्लोरीन. पालिकेच्या पाण्यात तो जंतू मारायलाच घातलेला असतो आणि आपले जंतू त्याला वेगळे दिसत नाहीत. पाणी बादलीत काढून एअर पंप लावून २४ तास ठेवा, किंवा अँटी-क्लोरीन घाला. ते बहुतेक सोडियम थायोसल्फेट असतं. ५० लिटरला अर्धा ग्रॅम नेहमीच्या क्लोरीनला पुरतं. पावसाळ्यात नळाला वास जाणवत असेल तर दुप्पट घ्या, एवढ्याने अपाय होत नाही. सोसायटीने इमारतीची पाण्याची टाकी धुण्याची नोटीस लावली असेल तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्या पाण्याला हात लावू नका. धुताना ब्लीचिंग पावडर वापरतात आणि वरच्या मजल्यांना त्याचा पहिला फटका बसतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि तिच्याकडे जवळजवळ कुणी पाहत नाही : केएच, म्हणजे पाण्यातलं बायकार्बोनेट. तानसा, वैतरणा, भातसा, विहार, तुळशी या तलावांचं पाणी पावसाचं, म्हणून मृदू. पिण्याला छान, साबणाला छान, पण अमोनिया पचवणारे जिवाणू काम करताना हे बायकार्बोनेट खात जातात. २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनिया पूर्ण नायट्रेट होईपर्यंत केएच सुमारे ०.६५ अंशाने (dKH) उतरतो. समजा सुरुवातीला तो ३ आहे. एवढा अमोनिया चार-पाच वेळा पचवला की तो संपला. मग पीएच घसरतो, म्हणजे पाणी आम्ल होत जातं, साडेसहाच्या खाली जिवाणू मंदावतात आणि सहाच्या आसपास काम जवळजवळ थांबतं. ‘सगळं व्यवस्थित चालू होतं, बाराव्या दिवशी अमोनिया तसाच राहिला’ ही तक्रार आली की आधी पीएच मोजायचा.

उपाय स्वयंपाकघरात आहे : खायचा सोडा. ५० लिटरला ३ ग्रॅम, म्हणजे अंदाजे अर्धा चहाचा चमचा, घातला की केएच २ ने वाढतो. कपभर पाण्यात विरघळवून घाला. या दिवसांत केएच ४ ते ६ आणि पीएच साडेसात ते आठ ठेवा. इनोचं पाकीट चालणार नाही, त्यात आम्लही असतं. घरच्या आरओचं पाणी टाकीला वापरू नका, त्यातून बायकार्बोनेट जवळपास सगळं काढलेलं असतं. तुमच्याकडे बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर ते बहुधा कठीण असतं. आधी मोजा, सोड्याची गरजच पडणार नाही.

तापमानाची चिंता मुंबईकराला नाही. २८ ते ३० अंश या जिवाणूंना मानवतं. जानेवारीच्या थंडीत किंवा दिवसभर एसी चालणाऱ्या खोलीत पाणी २५ च्या खाली गेलं तरच हीटर लावा.

जिवाणूंना खायला काय

मासे सोडून त्यांच्या अमोनियावर जिवाणू वाढवायची पद्धत जुनी आहे, पण त्यात माशांचे कल्ले जळतात. त्याऐवजी अमोनियम क्लोराइड वापरा. हेच ते कल्हईवाल्याकडचं नवसागर, पण बाजारी खड्यात काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही, म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाचं घ्या. प्रिन्सेस स्ट्रीटच्या रसायनांच्या दुकानांत विचारा.

१६ ग्रॅम अमोनियम क्लोराइड ५०० मिली आरओच्या पाण्यात विरघळवा (इथे आरओ चालतं). या द्रावणाचे १० मिली ५० लिटर पाण्यात २ पीपीएम अमोनिया देतात. बाटलीवर ठळक नाव लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. मोजायला औषधाच्या दुकानातली १० मिलीची सिरिंज घ्या.

थेंबांचे टेस्ट किट घ्या : अमोनिया, नायट्राइट, पीएच, केएच. कागदी पट्ट्यांमध्ये बऱ्याचदा अमोनियाच नसतो आणि नेमका तोच हवा असतो.

रोजचं काम

पहिल्या दिवशी टाकी भरा, क्लोरीन काढा, केएच बघा, एअर पंप आणि फिल्टर चालू करा. मग स्पंज बसवा आणि १० मिली द्रावण घाला. चिमूटभर माशांचं खाणं चुरून टाका. त्यातून जिवाणूंना लागणारं फॉस्फेट मिळतं, जे आपल्या पाण्यात फार कमी असतं. दिवा बंद ठेवा, नाहीतर शेवाळ आधी येईल.

२४ तासांनी अमोनिया मोजा. २ चा १ झाला असेल तर विरजण जिवंत आहे. ०.२५ च्या खाली आला की पुन्हा द्रावण, पण यावेळी ५ मिलीच. कारण १ भाग अमोनियातून २.७ भाग नायट्राइट तयार होतं. रोज १० मिली घालत गेलात तर तिसऱ्या दिवशी नायट्राइट किटच्या तक्त्याबाहेर जाईल. नायट्राइट पचवणारा गट नेहमी मागून येतो आणि खरी वाट त्याचीच पाहावी लागते. नायट्राइट ५ च्या वर गेलं तर अर्धं पाणी बदला. जिवाणू स्पंजात असल्यामुळे पाणी बदलल्याने वाया काही जात नाही. अमोनिया एकदाच ८-१० पीपीएम चढवण्याने काम लवकर होत नाही, उलट हाच दुसरा गट दबतो.

केएच दर दोन-तीन दिवसांनी बघा, ३ वर आला की पुन्हा सोडा.

१० मिली घातल्यावर २४ तासांत अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य, असं लागोपाठ दोनदा झालं की टाकी तयार. मग साठलेलं नायट्रेट आणि सोडा काढायला ७० ते ८० टक्के पाणी बदला आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मासे आणा. मासे आठवडाभर येणार नसतील तर एक दिवसाआड ५ मिली चालू ठेवा, उपाशी जिवाणू मंदावतात. ५० लिटरला सुरुवातीला टेट्रा किंवा रास्बोरासारखे आठ छोटे मासे पुरेत. गोल्डफिश या टाकीत नकोत. त्यांची घाणच इतकी की हा हिशेब पुरत नाही.

बाटलीतले जिवाणू

चालतात, पण सगळे नाहीत. अमोनिया आणि नायट्राइट पचवणारे जिवाणू बीजाणू (कोरडं पडूनही टिकणारं सुप्त रूप) बनवत नाहीत, त्यामुळे वर्षानुवर्षं टिकणारी कोरडी पावडर असेल तर त्यात बहुधा बॅसिलस हे वेगळे जिवाणू असतात. ते गाळ कुजवतात, अमोनियाचं नायट्राइट करण्याचं काम करत नाहीत. द्रवरूप बाटली घेतलीत तर मुदत बघा आणि दुकानात ती उन्हाच्या काचेत ठेवलेली नाही ना, हेही बघा. घातल्यावर दोन-तीन दिवसांत नायट्राइट दिसू लागलं नाही तर दुसऱ्या बाटलीवर पैसे घालण्याआधी स्पंज शोधा.

नव्या टाकीबरोबर दुकानदार अनेकदा निळ्या औषधाची छोटी बाटली देतात. ते बहुधा मिथिलीन ब्लू असतं. फिल्टर चालू असलेल्या टाकीत ते घालू नका, जिवाणूही मरतात.

मासे आधीच घरी आले असतील तर

वाढदिवसाला मुलाला भेट आलेली टाकी असते, मासे परत देता येत नाहीत. मग स्पंज त्याच दिवशी मिळवा, खाणं एक दिवसाआड आणि दोन मिनिटांत संपेल एवढंच द्या, आणि रोज मोजा. अमोनिया किंवा नायट्राइट ०.५ वर गेलं की ३० ते ५० टक्के पाणी बदला, क्लोरीन काढून. यात सोडा घालून पीएच चढवू नका : पीएच ७ वरून ८ झाला की एकूण अमोनियातला विषारी वाटा जवळपास दहापट होतो. नायट्राइट दिसत असेल तर लिटरला अर्धा ते एक ग्रॅम खडेमीठ विरघळवून घाला, क्लोराइडमुळे ते कल्ल्यांतून आत शिरायला अडतं. मनी प्लांटची एक फांदी मुळं पाण्यात आणि पानं बाहेर ठेवून लावा, तीही थोडा अमोनिया ओढते.

टाकी चालू झाल्यावर महिन्यातून एकदा टाकीचंच पाणी बादलीत काढून त्यात स्पंज दोनदा दाबून घ्या. नळाखाली धुऊ नका. टाकी साफ करायला माणूस येत असेल तर त्यालाही हे आधी सांगा, कारण टाकी रिकामी करून खडी, काच, स्पंज सगळं चकाचक धुऊन द्यायची बऱ्याच जणांची पद्धत असते. त्या दिवशी टाकी पुन्हा नवी होते. वीज गेली तर स्पंज फिल्टर काही तास तग धरतो. बंद डब्याच्या फिल्टरमधलं पाणी मात्र तेवढ्यात सडू लागतं, म्हणून वीज आल्यावर तो थेट सुरू न करता आतलं पाणी आधी ओतून टाका.