मुलांच्या स्वादुपिंडाला सूज : पालकांनी काय ओळखावे, काय करावे

मुलाच्या पोटात बेंबीच्या वर सतत दुखत असेल, कळ पाठीकडे जात असेल आणि उलट्या थांबत नसतील, तर ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून घेण्यात वेळ घालवू नये. असे मूल पुष्कळदा गुडघे पोटाशी घेऊन पडून राहते. तान्हे बाळ मात्र नुसते किरकिरते आणि दूध घेत नाही. सोलापुरात सिव्हिल हॉस्पिटल किंवा जवळचे बालरोगतज्ज्ञ गाठावेत. अक्कलकोट-मंगळवेढ्याकडच्या पालकांनीही सकाळ होण्याची वाट पाहू नये.

वरच्या पोटातील दुखणे, रक्तातील लायपेज किंवा अमायलेज (स्वादुपिंडात तयार होणारी पाचक एन्झाइम) सामान्य मर्यादेच्या किमान 3 पट असणे आणि सोनोग्राफीसारख्या तपासणीत स्वादुपिंडाची सूज दिसणे, या तीनपैकी दोन गोष्टी जुळल्या की निदान पक्के होते.

मोठ्यांत पित्ताचे खडे आणि दारू ही मुख्य कारणे असतात. मुलांत मात्र कारण शोधावे लागते, आणि माझ्या मते पालकांची खरी मदत इथेच होते. सायकलवरून पडताना हँडल पोटात घुसले होते का, गालफुगी झाली होती का, फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट किंवा रक्ताच्या कर्करोगासाठी ॲस्परॅजिनेज चालू आहे का, घरात कोणाला लहानपणापासून असाच त्रास आहे का, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. मात्र फिट्सचे औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. पित्ताचे खडे, पित्तनलिकेची जन्मजात गाठ, नळीत शिरलेला जंत, रक्तातील अतिरिक्त चरबी किंवा कॅल्शियम आणि जनुकीय दोष हीही कारणे असतात, तरी काही मुलांत कारण सापडतच नाही.

उपचाराचा कणा म्हणजे पहिल्या दिवशी शिरेतून पुरेसे सलाईन, वेदनाशामक औषध आणि लघवीच्या प्रमाणावर लक्ष. अँटिबायोटिक सरसकट लागत नाही. पूर्वी मुलाला दिवसचे दिवस उपाशी ठेवत. आता उलटी थांबून मूल खाऊ शकत असेल तर एक-दोन दिवसांतच तोंडाने अन्न सुरू करतात, त्यामुळे डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मऊ वरणभात भरवायला घाबरू नये.

घरी आल्यावर पुन्हा दुखू लागले, ताप आला किंवा पोट फुगले, तर लगेच परत जावे, कारण स्वादुपिंडाभोवती पाणी साठलेले असू शकते. दुखणे वारंवार उलटत असेल, शौच तेलकट व दुर्गंधीयुक्त होत असेल आणि वजन वाढत नसेल, तर जेवणाबरोबर घ्यायच्या पाचक एन्झाइमच्या गोळ्या आणि रक्तशर्करेची तपासणी यांबद्दल पोटविकारतज्ज्ञांना विचारावे.